मागच्या सीटवरचा माल

अड्याळ, ता. पवनी
९ नोव्हेंबर १९८१

टिकारामभाऊस मारोतरावचा रामराम.

दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली, तुमी आले नाही. दंडारीचं नाटक पाहाले अर्धा तालुका आला, अन् माहा साडभाऊ चिखल्याच्या खाणीजवळ ट्रकाखाली लोळत पडला. तुमच्या वाटणीचे वडे मीच खाल्ले. माल वाया जाऊ देणं आपल्या धानाच्या धंद्यात बसत नाही.

आता कामाचं. माही बुलेट दम टाकून राहिली. इंजिनातून उजव्या बाजूनं खटखट आवाज येते. भंडाऱ्याच्या मिस्त्रीनं झाकण खोललं तं म्हणे, कॅमचं नाक घासलं, तुमी तेल टाकाले कंजूषी केली. मी म्हणलं, तू मिस्त्री आहे का माहा सासरा? पण कॅम तं बदलाच लागते. नागपूरचा एक खरादवाला कॅम घासून देते म्हणते. त्याच्यापाशी दोन तऱ्हा आहेत. एक रेसवाली, एक ओझ्यावाली. तुमी रोज खाणीच्या ट्रकाचे इंजिन खोलता, म्हणून तुमाले विचारून राहिलो.

माह्यं मन रेसवालीवर आहे. शंकरपटात आपण बैलाची धावणारी जोडी पाहतो का नांगराची? कारण म्हणाल तं सोमाजी राइसमिलवाल्यानं नवी फटफटी घेतली, अन् पवनी रोडवर हॉर्न वाजवून माह्या पुढं निघून गेला. वरून मागं वळून नमस्कार केला. अड्याळात आपली काही इज्जत आहे का नाही?

बाकी दुसरं कारण नाही. शिवरात्रीच्या आत पाहिजे. घाटात कशी चढन तेही लिहा, सहज विचारून राहिलो. रंभाबाईले नमस्कार. शकुन बरी आहे.

तुमचा
मारोतराव

—

चिखला
१७ नोव्हेंबर १९८१

मारोतरावास टिकारामचा रामराम. तुमच्या पोटाले वेगळा, कारण त्यानं माहे वडे खाल्ले.

कॅम म्हंजे काय ते आधी समजून घ्या, नाही तं उद्या माह्या नावानं बोंबलत फिरसान. इंजिनाले दारं असतात. हवा-पेट्रोल आत येते, धूर बाहेर जाते. दार कवा उघडाचं, कवा लावाचं, हे कॅम ठरवते. रेसवाली कॅम दार लई वेळ उघडं ठेवते. गाडी पळत असली तं इंजिनाले पोट भरून खाले भेटते. पण गाडी हळू झाली, चढावर आली, का मग त्याच उघड्या दारातून आलेला अर्धा माल वापस जाते. ओझ्यावाली दार लवकर लावते. तिले पळता येत नाही फार, पण आत आलेला दाणा ती बाहेर जाऊ देत नाही. तुमच्या धंद्याच्या भाषेत सांगतलं, आता तरी समजलं असन.

बुलेटमंधी कॅमची जोडीच असते, बैलासारखी. पण पटाची जोडी नांगराले जुपली तं काय होते, हे तुमाले मी सांगावं का?

म्हणून खरं लिहा. गाडी खरोखर किती पळवता? सोमाजीले दाखवाले नाही, रोजची. अन् वजन किती? तुमच्या घरी धानाचा काटा आहे. त्याच्यावर चढा अन् जे भरन ते लिहा. मागच्या सीटवर कोण बसते, त्याचंही लिहा.

एक गोष्ट समजली नाही. रंभा म्हणते, शकुन मागच्या महिन्यात इकडं आली ते एसटीनं आली. दारात बुलेट असून माही साळी एसटीनं काहून फिरते? रंभाले विचारलं तं म्हणे, तुमी तुमचे नटबोल्ट पाहा.

टिकाराम

—

अड्याळ
२६ नोव्हेंबर १९८१

टिकारामभाऊस रामराम.

काट्यावर चढलो. रीतीप्रमाणे ओलाव्याची कटती कापून चौऱ्याऐंशी किलो भरलो. मागं कोणी बसत नाही. सध्या.

शकुनचं म्हणाल तं तिच्या कानात हवा जाते, दडे बसतात. डॉक्टरनं मना केलं. कोणत्या डॉक्टरनं ते आता ध्यानात नाही.

गाडी मी चांगलीच पळवतो. तुमी रेसवालीच घ्या अन् ट्रकावाल्याच्या हातानं पाठवून द्या. मिस्त्रीगिरी कमी करा, साडभाऊ आहा, पोलिस नाही.

मारोतराव

—

चिखला
८ डिसेंबर १९८१

मारोतरावास रामराम.

चौऱ्याऐंशी किलोचा एकटा गडी अन् सपाट रोड, तं मग रेसवाली जोडी चालते. नागपुरात सोता उभा राहून घासून घेतली. कवडू ड्रायव्हरच्या हातानं पाठवून राहिलो. तेल ताजं टाका. पावशेर नाही, पूर्ण. हळू चालवसान तं ती तुमच्याशी भांडन, आधीच सांगून ठेवतो.

मले अजूनही दाल में काला दिसते. तुमाले मंडईत पाह्यलं होतं मी परसाली. चौऱ्याऐंशी तं तुमची सावली भरन.

टिकाराम

—

अड्याळ
४ जानेवारी १९८२

टिकारामभाऊ,

रामराम गेला खड्ड्यात. काय पाठवलं तुमी हे?

पहिल्या दिवशी वाटलं, तुमचे पाय धुवावं. एकटा पवनी रोडवर नेली. सोमाजी समोरून जात होता. त्यानं मागं पाह्यलं तवर मी पुलापार. वापस येताना मीच त्याले नमस्कार केला.

पण आता खरं लिहितो, कारण लपवून काही फायदा झाला नाही. शकुनचे कान ठणठणीत आहेत. ती मागच्या शिवरात्रीपासून माह्या गाडीवर बसली नाही. आमी दोघं गाडीनं पचमढीले मोठ्या महादेवाले जाऊन राहिलो होतो. घाटात अर्ध्या चढावर गाडी मेली. मागून गावच्या जत्रेकरूच्या पोह्याचा ट्रक आला, त्रिशूळ, डफ, सगळा गाव. शकुन ट्रकात बसून वर गेली. तेव्हापासून बाजाराले पायी, माहेराले एसटी. यंदा म्हणते, मी पोह्यासंगं ट्रकनं जाईन, तुमी तुमच्या मोटरसायकलनं या. माणसाची बायको ट्रकात अन् माणूस मागून एकटा फटफट करत, हे चांगलं दिसते का? म्हणून ही सगळी खटपट. मले तिले गाडीवर बसवून घाट चढाचा आहे, बस. सोमाजी-फोमाजी सगळं वरवरचं.

तं नवी कॅम बसली म्हणून बाजाराच्या दिवशी मी तिले म्हणलं, चाल, एक चक्कर मारू. लई मनवलं तवा बसली. नवं लुगडं नेसून बसली, टिकारामभाऊ. गल्लीतून निघालो तवा मले वाटलं, जिंकलो.

बाजारात माणसं, बैलबंड्या, ढोरं. हळूच चालवा लागते. हळू केली का इंजिन उचक्या देते, रेस दिली का उडी मारते. शकुनचं डोकं माह्या पाठीवर आदळून राहिलं. शेवटी आनंदाबाईच्या वांग्यापुढं बंद पडली. किक मारली तं सायलेंसरमंधून बार उडाला, अन् आनंदाबाई सोताच्याच वांग्यावर बसली. सगळा बाजार हासला. शकुन उतरली अन् पायी घरी गेली. शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

आता ओझ्यावाली पाठवा. तिचं वजन धरा नव्वद किलो. काट्यावर नेलं नाही, पण मी पोतं नुसतं पाहून वजन सांगतो, चुकत नाही.

मारोतराव

—

चिखला
१३ जानेवारी १९८२

मारोतराव,

मले उल्लू बनवलं अन् वरून मलेच शिव्या! दोन माणसाच्या घाटाले तुमी पटाची जोडी मागवली. मी तुमाले विचारलं, मागं कोण बसते. तुमी लिहिलं, कोणी नाही. अन् महादेवाच्या घाटाचं सहज विचारून राहिलो म्हणे!

बाकीचं रंभानं सांगतलं. वर्षभर पोटात ठेवलं होतं तिनं, शकुननं शपथ घातली होती म्हणून. तुमचं पत्र ऐकून सुटली. ट्रकातल्या लोकाईनं तुमाले विचारलं, काय झालं मारोतराव? अन् तुमी भर घाटात म्हणले, "गाडी चांगली आहे, माल जास्त भरला." ट्रक वरपर्यंत हासत गेला. त्याच ट्रकात शकुन बसली होती. तिच्या बाजूच्या गोदावरीबाईनं ते जत्राभर सांगतलं. अन् हे मात्र तुमच्या पत्रात कुठंच नाही. कॅम घासली तं तुमाले खटखट ऐकू येते, घरचं काय घासलं ते नाही ऐकू येत!

एक चूक माही पण झाली. ते नव्वद किलो मी रंभाले वाचून दाखवलं. तिनं तसंच्या तसं शकुनले लिहून पाठवलं. पाकिटात नाही, कार्डावर. म्हंजे तुमच्या पोस्टमननंही वाचलं असन. सांभाळून राहा.

खरं वजन आल्याशिवाय मी नागपूरले जात नाही. दोघांचं.

टिकाराम

—

अड्याळ
२२ जानेवारी १९८२

टिकाराम भाऊजीस शकुनचा नमस्कार. रंभाबाईले सांगा, कार्ड भेटलं. पोस्टमननं ते माह्या हातात दिलं अन् मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. मनातल्या मनात मोजत होता मेला.

वजन तुमाले पाहिजे होतं ना? मी लिहिते. दुसऱ्या दिवशी धान घेऊन बंड्या लागल्या होत्या, सगळे हमाल हजर. मी गेली अन् गोमाजी मापाऱ्याले म्हणलं, मले मोज. तो म्हणे, वहिनी, शेठ रागावतीन. म्हणलं, शेठचा पण नंबर आहे, आधी माहा. काट्यावर बसली. मापारी वजन पुकारून सांगते, म्हंजे शेतकऱ्याले अन् व्यापाऱ्याले दोघांले ऐकू जावं, तशी रीत आहे. गोमाजी सवयीनं ओरडला, एकसष्ट! ओरडल्यावर सोताच घाबरला.

मग हे आले. म्हणे, हा काय तमाशा? मी म्हणलं, चढा. जोडे काढाले लागले. म्हणलं, जोडे घालूनच गाडीवर बसता ना, राहू द्या. खिशातला अडकित्ता काढाले लागले. म्हणलं, तोही राहू द्या. चढले. गोमाजीनं वजनं टाकली, अजून टाकली, अजून टाकली, अन् पुकारलं, एकशे सात! हे म्हणाले, "कटती धर." गोमाजी म्हणे, "शेठ, कोणत्या मालाची?" एक हमाल पोत्यामागं तोंड लपवून बसला.

तुमाले चौऱ्याऐंशी लिहिलं होतं म्हणे. भाऊजी, लोकाईच्या धानातून ओलाव्याची कटती काढता काढता या माणसाले सोतातून पण काढाची सवय लागली. माह्यात मात्र भर टाकून दिली.

आता खरी गोष्ट. मले गाडीवर बसाले आवडते. हे कोणी विचारलं नाही म्हणून सांगून राहिली. गाडी आली तवा मी सगळ्यात जास्त खूश होती. घाटात उतरा लागलं त्याचा राग नाही. गाडीच आहे, बंद पडते. लोकं हासले त्याचाही नाही, त्याइले हासालेच भेटलं पाहिजे. पण हे पण हासले. रस्त्यात उभं राहून त्याइच्यासंगं हासले. ते मले अजूनही दिसते.

तुमचं पहिलं पत्र मी वाचलं होतं, उघडं दार अन् वापस जाणारा माल. समजलं. ओझ्यावालीच पाठवा. एकशे सात, एकसष्ट, वरून शिधा अन् त्रिशूळ धरा. आपण पटात पळाले नाही, महादेवाले जाऊन राहिलो. मी त्या गाडीवर बसीन का ट्रकात, हे अजून ठरवलं नाही. हे याइले सांगू नका. जरा भिऊ द्या.

शकुन

—

चिखला
५ फेब्रुवारी १९८२

मारोतराव,

ओझ्यावाली जोडी कवडूसंगं पाठवली. खरादवाल्याले तुमचं वजन सांगतलं तं म्हणे, ट्रकाचीच टाका. मी मनवलं त्याले. टॅपेट थंड इंजिनावर लावाचे. तेल पूर्ण. रेसवाली काढून वापस पाठवा, तुमच्याकडं ठेवसान तं पुन्हा सोमाजी आठवन.

घाटात दुसऱ्या गिअरमंधी ठेवा अन् घाई करू नका. ती ढुग-ढुग करत चढन. इंजिनाचं मी पाह्यलं. बाकीचं तुमचं तुमी पाहा, तिथं माहा पाना लागत नाही.

टिकाराम

—

अड्याळ
२७ फेब्रुवारी १९८२

टिकारामभाऊस मारोतरावचा रामराम, यावेळी मनापासून.

महादेव करून आलो. सगळं लिहितो, नाही तं रंभाबाई कार्ड पाठवतीन.

निघाच्या दिवशी शकुनचं बोचकं ट्रकात चढलं. मी म्हणलं, संपलं. गाडी चालू करून उभा राहिलो, नुसता ट्रकाच्या मागून जाईन म्हणून. ती ट्रकापाशी गेली, गोदावरीबाईनं वर घ्याले हात दिला, हिनं तो हात धरून नुसतं बोचकं नीट ठेवाले सांगतलं, अन् येऊन माह्या मागं बसली. म्हणे, चाला. नागपूर गेलं, छिंदवाडा गेलं, मागच्या सालच्या गोष्टीवर एक शब्द नाही. फक्त चहा किती वेळा प्याल, एवढं बोलली.

तुमची जोडी सोन्यासारखी आहे. पळत नाही, खरं आहे. सोमाजी मागच्या हप्त्यात पुन्हा पुढं निघून गेला, जाऊ दे. पण घाटात तिनं खांदा दिला तं खाली केला नाही. दोघं, शिधा, त्रिशूळ, सगळं घेऊन ढुग-ढुग-ढुग.

मागच्या साली जिथं मेली होती ते वळण आलं. तिथंच पोह्याचा ट्रक उभा, रेडिएटरमंधी पाणी टाकून राहिले होते. सगळा गाव खाली उतरून बसला. मी तसाच वर जाऊ शकत होतो, टिकारामभाऊ. गाडी मस्त चढून राहिली होती. हॉर्न वाजवून, नमस्कार करून निघालो असतो तं तीच माही जीत होती. वर्षभर मी तेच मनात घोकत होतो.

पण आरशात पाह्यलं तं तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. मी गाडी थांबवली, बंद केली अन् खाली उतरलो. सगळ्याइले ऐकू जाईन असं म्हणलं, "मागच्या साली इथं मी म्हणलो, माल जास्त भरला. काट्यावर चढून पाह्यलं. जास्तीचा माल मी होतो."

मग गोदावरीबाई खुदकली, अन् मग सगळे. डफवाल्यानं दोन थापा पण मारून घेतल्या. माह्यावर हासत होते, हासू दे. मी शकुनकडं पाह्यलं. ती हासत होती. वर्षात पह्यल्यांदा माह्याकडं पाहून हासली. मले लई भरून आलं, पण डफ वाजत असताना रडणं बरं नाही दिसत.

आता किक मारली तं गाडी चालू होईना. गरम इंजिन, तुमाले माहीत आहे. मारली, मारली, घाम फुटला. शकुनले म्हणलं, जरा उतर, ढकलतो. ती तशीच बसून राहिली. पदर नीट केला अन् म्हणे, "मालानं सोताहून उतराचं असते का?"

ढकल्ली. काय करता? मी हँडल धरून, ती वर त्रिशूळ धरून, पूर्ण वळण. बाजूनं डफवाले, मागं गाव. तीन हमाल हात लावाले धावले तं तिनं त्याइले मना केलं, म्हणे शेठले सवय आहे, दिवसभर मालच हलवतात. माह्या डोळ्यापुढं काजवे चमकले. शेवटी पोह्यासंगं आलेला सोमाजी पुढं झाला अन् मागून एका हातानं रेटा दिला. तिनं पाह्यलं नाही असं केलं. वर जरा सपाटी लागली, इंजिन थंडावलं होतं, पहिल्या किकमंधी चालू.

बसलो, निघालो. तिनं खांद्यावर हात ठेवला. पहिले ठेवत होती तसा, अंगठा मानेपाशी. वर्षभर मागची सीट खाली होती तं गाडी चालवाले मजा नव्हती, हे तिले मी मंदिरापाशी सांगतलं. म्हणे, मले माहीत होतं.

रेसवाली जोडी कवडूसंगं पाठवून राहिलो. पुढच्या मंडईले या, वडे ठेवतो.

तुमचा
मारोतराव

ता. क. भाऊजी, शकुनचा नमस्कार. घरी आल्या आल्या गोमाजीकडून याइले पुन्हा मोजून घेतलं. एकशे चार. कटती धरली नाही.